मुशीचं तेल पाजलेलं मशीन

मामंजींचा उजवा हात थरथर कापायला लागला तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मामंजी म्हणजे माझे सासरे. पालघरच्या बाजारात पत्र्याच्या ट्रंकांचं एक दुकान होतं आणि त्या दुकानातली प्रत्येक ट्रंक आमच्या पडवीत रंगायची. हिरवी ट्रंक, कडेनं पिवळी पट्टी आणि झाकणावर दोन गुलाब. डोंगराकडची माणसं मुलीच्या लग्नाला ती डोक्यावर घेऊन जायची. पुढे साठच्या दशकात तारापूरला मोठ्या वीजघराचं काम निघालं, बोईसर-सरावलीला कुठून कुठून माणसं कामाला येऊन राहिली आणि ट्रंकांना उसंत राहिली नाही. परक्या गावात एका खोलीत आठ-आठ जण राहायचे. प्रत्येकाला स्वतःचं एक कुलूप तरी हवं असायचं.

मामंजी पिवळी पट्टी मारायचे ती कधीही आखून घेत नसत. ब्रश रंगात बुडवायचा, डब्याच्या काठाला पुसायचा, श्वास रोखायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात हात न्यायचा. मी नवी नवरी असताना तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ते बघत उभी राहायची आणि मग करपलेली भाकरी गुपचूप स्वतः खायची.

तर तो हात कापायला लागला. पट्टी वाकडी जाऊ लागली, गुलाबाच्या पाकळ्या एकमेकींत मिसळू लागल्या. दुकानदार दोनदा काही बोलला नाही. तिसऱ्यांदा त्यानं चार ट्रंका परत पाठवल्या. मामंजींनी त्या कोपऱ्यात पालथ्या घालून ठेवल्या आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की चहा संपला म्हणून खाली ठेवायचे. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात मी, मामंजी आणि आमचे हे. हे स्टेशनवर मालधक्क्याच्या कचेरीत कामाला होते. बापाला काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही, आणि मला बोलायला सुचायचं तेव्हा ते नेमकं नको तेवढं सुचायचं.

त्या वेळी मामंजींना ते हवेचं मशीन मिळालं. एका चिकूच्या वाडीवाल्या शेठच्या बंगल्याची फाटकं रंगवायला ते गेले होते. तिथं मोटारखान्यात एक जुना कॉम्प्रेसर पडून होता. शेठच्या मोटारीच्या चाकांत घरच्या घरी हवा भरायला कधीतरी आणलेला; मोटार विकली गेली, हा मागे राहिला. मामंजींनी मजुरीच्या बदल्यात तोच मागून घेतला. बैलगाडीत घालून घरी आणला तेव्हा आळीतली पोरंसोरं मागून चालत आली होती. हवा साठवायची लांबट टाकी, तिच्यावर बिडाचं सिलिंडर, बाजूला विजेची मोटर आणि दोघांना जोडणारा चामड्याचा पट्टा. ह्यांनी मुंबईहून रंग फवारायची बंदूक आणली. मामंजींनी पडवीत पडदा टांगला, नाकाला फडकं बांधलं आणि तीन आठवडे जुन्या पत्र्यांवर हात बसवला.

फवाऱ्याला हाताची थरथर कळत नाही. उलट थोडा हलता हात बरा, रंग एका जागी साचत नाही. पट्टीसाठी त्यांनी दोन्ही बाजूंना कागद चिकटवायला सुरुवात केली आणि गुलाबांसाठी पत्रा कापून साचा केला. पहिली ट्रंक झाली तेव्हा दुकानदार स्वतः बघायला आला आणि पत्र्यावर बोट फिरवून गेला. मामंजी पुन्हा पंगतीत सगळ्यांसमोर वाटीनं वरण प्यायला लागले. हात तसाच कापायचा, पण आता त्यांना त्याची लाज वाटेनाशी झाली होती. हे एवढं लांबण लावून सांगते कारण ते मशीन म्हणजे आमच्या घरात काय होतं, ते समजल्याशिवाय मी केलेल्या पराक्रमाची किंमत कळायची नाही.

मशीन सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी टाकीच्या तळाची तोटी उघडून साठलेलं पाणी काढायचं, पट्टा पुसायचा आणि सिलिंडरखालच्या पेटीला एक गोल काच होती तिच्यातून तेल बघायचं. तेल काचेच्या मध्यावर पाहिजे. कमी झालं तर डब्यातून घालायचं. मामंजींनी एकदाच दाखवलं आणि पुन्हा कधी विचारलंही नाही. त्या विश्वासानं माझी मान ताठ झाली होती.

आता माझ्या माहेराबद्दल सांगायला हवं. मी किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी. आमच्याकडे मुशीचं तेल म्हणजे सर्व रोगांवर औषध. मुशी मासा कापला की त्याच्या काळजाचं तेल काढायचं, डब्यात भरायचं आणि होडीला पाजायचं. हो, आम्ही 'पाजायचं' असंच म्हणतो. दरवर्षी होडी ओढून वर काढली की आईबापापासून सगळे चिंध्या घेऊन बसायचे आणि फळी न् फळी तेलानं माखायचे. त्या तेलानं लाकडाला खारं पाणी बाधत नाही. सासरी येताना आईनं मला एक बाटली दिली होती. इकडच्या बायका नाकाला पदर लावायच्या, पण मी आमच्या दाराच्या बिजागऱ्यांना, विहिरीच्या रहाटाला, ह्यांच्या सायकलच्या साखळीला तेच घातलं होतं. कशाचीही कुरकुर राहिली नव्हती. मग मी शेजारणींना ऐकवायची, वास घ्यायला नाक आहे तसं काम बघायला डोळेही असू द्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. लग्नसराई तोंडावर आली होती आणि दुकानदारानं एकदम दोन डझन ट्रंका पाठवल्या होत्या. एका सकाळी काचेत पाहिलं तर तेल तळाला गेलेलं. डबा हलवला, तो रिकामा. मामंजी उमरोळीला त्यांच्या बहिणीकडे गेले होते, हे कामावर. मशीनचं तेल मिळायचं ते दुकान त्या दिवशी बंद. मी काय केलं असेल ते सांगायला नकोच. फळीवरची मुशीच्या तेलाची बाटली काढली आणि काचेच्या मध्यापर्यंत ओतलं. घाबरत नाही, चांगली मिरवत ओतलं. शहरातल्या डब्यातल्या तेलापेक्षा हे सरस, आता बघा कसं पळतं मशीन, असं स्वतःशी म्हणालेसुद्धा.

दोन-चार दिवस ते खरंच पळालं. मग वास यायला लागला. मशीन तापलं की पडवीभर मासळी बाजार उभा राहायचा. मी अंगणात मुद्दाम बोंबिलांची काठी टांगली, म्हणजे कुणी विचारलं तर त्यांच्याकडे बोट दाखवता येईल. मामंजींचं नाक पन्नास वर्षं टर्पेंटाइन हुंगून मेलेलं आहे, असा माझा समज होता. मग हवा कमी पडू लागली. टाकीवरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा पूर्वी भराभर चाळीस-पन्नास पौंडांवर जायचा, तो विसाला अडखळू लागला. बंदुकीतून रंगाचा धुरळा यायच्या जागी थेंब पडायला लागले. शेवटी एका दुपारी पट्टा नुसता घसरत राहिला, करकर वाजला आणि मशीन थांबलं ते थांबलंच. आतलं तेल बघायला मी पेटीचं झाकण उघडलं. आत काळं, चिकट, गुळाच्या काकवीसारखं काहीतरी होतं. मी झाकण लावून टाकलं. कुणालाही काही सांगायचा धीर मला झाला नाही.

ह्यांनी सरावलीहून एका फिटरला बोलावलं. तारापूरच्या कामावर होता, उत्तरेकडचा होता, हिंदीत बोलायचा. रविवारी आला, पट्टा काढला, हातानं चाक फिरवलं, हवा निघते तिथं अंगठा धरून बसला. आत उघडून बघायची त्याला गरजच वाटली नाही.

"रिंग घिस गई है, चाचा," तो म्हणाला. "इसका सामान अब कहाँ मिलेगा? बूढ़ा हो गया. आराम करने दो."

तो मशीनबद्दल बोलत होता. पण मामंजी स्वतःच्या हाताकडे बघत होते. मी दारात उभी होते, मला ते दिसलं, आणि तरीही मी बोलले नाही. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही त्या क्षणाची मला लाज वाटते. चुकीची वाटत नाही तेवढी त्या गप्प बसण्याची वाटते.

मामंजींनी दुकानदाराला ट्रंका परत न्यायला निरोप पाठवला. ब्रश घासलेटात धुतले, फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. गुलाबाचा साचा भिंतीवरून काढला. "आता बसून खाईन," म्हणाले. "लेक कमावता हाय. काय कमी हाय मला?" आणि भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगितलं.

मी ह्यांना एकट्यांना गाठून खरं काय ते सांगितलं. हे कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. भंगारात जाऊ दे, म्हणजे विषय संपला." माझ्याच भल्यासाठी बोलत होते, पण मला असा संताप आला की विचारू नका. विषय कुणाचा संपणार होता? मामंजी जन्मभर समजणार होते की हातही म्हातारा झाला आणि मशीनही. आणि त्यातलं एक तर साफ खोटं होतं.

सोमवारी सकाळी भंगारवाला तागडी आणि माणूस घेऊन आला. दोघांनी टाकीखाली बांबू घातला. मामंजी पाठ करून अंगणात उभे होते. मी भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं तशीच बाहेर आले आणि बांबूवर पाय देऊन उभी राहिले.

"मामा," मी म्हटलं, "मशीन म्हातारा नाय झालेला. मी त्यात मुशीचा तेल घातलाय. तुमी उमरोळीला गेलेलात तवा. सगळा माझ्यामुळं झालाय."

भंगारवाला हसला. मामंजी हसले नाहीत. वळून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. ते भंगारवाल्याला म्हणाले, "आज नको." मला एवढंच म्हणाले, "मग काढ आता." आणि आत जाऊन खाटेवर बसले. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

मी ह्यांना सरावलीला पाठवून फिटरला निरोप दिला. तो संध्याकाळी कामावरून परस्पर आला, मी काय घातलं ते ऐकलं आणि पोट धरून हसला. मग मात्र गंभीर झाला. रिंगा झिजलेल्या नसणार, चिकटल्या असणार, म्हणाला. त्यानं माझ्यासमोर मशीनचं डोकं उघडलं. हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या पातळ पोलादी झडपा काळ्या खळीत बुडून गेल्या होत्या. दट्ट्या वर काढला, तर त्याच्याभोवतीच्या तिन्ही रिंगा आपापल्या खाचेत डांबरानं चिकटवाव्यात तशा बसलेल्या. रिंग मोकळी असली तरच ती सिलिंडरला दाबून बसते आणि हवा अडवते. ही बसणार कशी? हे मला त्यानं सांगितलं आणि मला लगेच कळलं. मला कळलं याचं त्याला नवल वाटलं आणि त्याला नवल वाटलं याचा मला राग आला.

"घासलेट में डुबा के रखो," तो म्हणाला. "और रिंग को ज़ोर मत लगाना. काँच की तरह टूटेगी. टूटी तो खत्म." तो येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी येणार होता. तोवर स्वच्छ करून ठेवायचं काम माझं. मी ह्यांनाही हात लावू दिला नाही. घाण मी केली होती, काढणारही मीच होते.

तीन दिवस सगळे भाग घासलेटात ठेवले. मी रोज बघायची, रोज तेच. वरची काजळी निघाली पण खालची खळ जागची हलेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फिटरला ठाऊक होती ती मशीनच्या तेलाची घाण. ही आमची घाण होती. होडीच्या फळ्यांवर वर्षानुवर्षं पाजलेलं तेल असंच सुकून काळं कातडं होतं, आणि फळी बदलायची झाली की ते काढावं लागतं. घासलेटानं ते कधीच निघत नाही. माझी आई त्याला राखेचं पाणी वापरायची. बाभळीची राख रात्रभर पाण्यात भिजवायची, वरची निवळी ओतून घ्यायची आणि उकळती फळीवर टाकायची. जुनं तेल फेस होऊन वाहून जायचं. आमच्या बायका ते उघड्या हातांनी करायच्या आणि मग त्यांच्या बोटांची सालं निघायची.

मी अंगणात तीन दगडांची चूल मांडली. कपडे उकळायचं मोठं पातेलं घेतलं. आधी एकच झडप टाकून बघितली, कारण राखेच्या पाण्यानं उगाच सगळंच खाऊन टाकलं तर तोंड दाखवायला जागा नव्हती. थोड्या वेळानं पाण्यावर तपकिरी फेस आला आणि काठीनं उचलली तर झडप चकचकीत. मी एकटीच अंगणात ओरडले. मग डोकं, नळी, दट्ट्या सगळं पाळीपाळीनं उकळलं. दट्ट्या बिडाचा होता म्हणून निभावलं; अ‍ॅल्युमिनियमचा असता तर राखेच्या पाण्यानं खाऊन टाकला असता. आळीतल्या बायका कुंपणाशी येऊन विचारायच्या, आज काय शिजतंय? मी म्हणायची, लोखंडाचं कालवण, येताय का जेवायला?

रिंगांच्या खाचा तेवढ्या राहिल्या. तिथं लोखंडी काही घालायची भीती वाटत होती. माझ्या पेटीत जाळं विणायची बांबूची सुई होती, माहेरून आणलेली, पातळ, गुळगुळीत आणि टोकाला निमुळती. ती रिंगेच्या फटीतून घालायची आणि केसाएवढी केसाएवढी पुढे सरकवायची. जाळ्याचा एक डोळासुद्धा न चुकवता विणणाऱ्या घरातली मी, धीराचं काम मला कुणी शिकवायला नको. पहिली रिंग दोन दुपार खाऊन सुटली. टक्क असा बारीक आवाज झाला आणि ती खाचेतून बाहेर उमलली. दुसरी एका दुपारी. तिसरी सुटत होती तेव्हा माझ्या बोटांची सालं निघाली होती आणि राखेच्या पाण्यानं ती अशी झोंबत होती की डोळ्यांतून पाणी येत होतं. तीही अखंड निघाली. तिन्ही रिंगा फडक्यावर ओळीत मांडल्या आणि मी नुसती बघत बसले. लग्नात दागिने घातले तेव्हासुद्धा मी इतकी फुगले नव्हते. मामंजी पडवीतल्या खाटेवरून हे सगळं बघायचे. मी वर पाहिलं की भिंतीकडे तोंड करायचे.

ठरलेल्या रविवारी फिटर आला. त्यानं रिंगा हातात घेऊन उजेडाकडे धरल्या, पुन्हा फडक्यावर ठेवल्या आणि विचारलं, "किस चीज़ से साफ किया?"

"राखेनं," मी म्हटलं.

"राख से?" त्यानं मान हलवली. मग त्यानं पुडीत आणलेली बारीक घोटायची पेस्ट दिली. आरशाच्या काचेवर ती लावून झडपांची बैठक कशी घासायची ते दाखवलं. मी घासली. पालथी करून वरून घासलेट ओतलं, एक थेंब खाली आला नाही. डोक्याखाली बसवायला पुठ्ठ्याची चकती हवी होती. ह्यांच्या कचेरीतून जाड पुठ्ठा आला, तो लोखंडावर ठेवून कडेनं हळूहळू ठोकून मी बरोबर आकाराचा कापला. फिटर जोडायला पुढे सरला तेव्हा मी पाना सोडला नाही. तो बाजूला बसून सांगत राहिला आणि मी जोडत गेले. दुसरे दिवशी पेटीत नवं, खरं, डब्यातलं मशीनचं तेल घातलं. फळीवरची बाटली मी आधीच विहिरीच्या रहाटापाशी नेऊन ठेवली होती.

मंगळवारी सकाळी मोटर लावली. चाक फिरलं, आवाज पहिल्यासारखा खणखणीत आला, काटा हलला. दहा, पंधरा, अठरा. आणि तिथंच थांबला. कुठून तरी बारीक सूं सूं आवाज येत होता. मी रिठ्याचा फेस करून सगळ्या सांध्यांना फासला. टाकीला नळी जिथं जुळते तिथं फुगे आले. आटे झिजले होते; कितीही आवळलं तरी फुगे येतच राहिले. मी पान्यावर जोर देत होते, घाम पुसत होते आणि मनातल्या मनात मशीनला, फिटरला, स्वतःला, मुशी माशाच्या सात पिढ्यांना शिव्या देत होते.

"सुताला सफेदा लाव."

मी दचकून मागे पाहिलं. मामंजी खाटेवरून उठून माझ्या पाठीशी आले होते.

"आट्यावर सूत गुंडाळ नि सफेदा लाव," ते पुन्हा म्हणाले. "नुसता आवळून काय होनार?" आणि स्वतः माळ्याची शिडी चढले. मी खालून शिडी धरली. वरून त्यांनी सफेद्याचा, म्हणजे घट्ट पांढऱ्या रंगाचा डबा आणला, आणि त्याच्याबरोबर फडक्यात गुंडाळलेले ब्रशही खाली आणले. मी सूत गुंडाळलं, त्यांनी बोटानं सफेदा चोपडला. त्यांचं बोट कापत होतं, माझं सोलवटलेलं होतं. दोघांच्या चार हातांनी मिळून तो एक सांधा झाला.

सफेदा सुकायला एक दिवस जाऊ दिला. बुधवारी मी बटणाकडे बोट केलं. "तुमी लावा, मामा."

"तू लाव," ते म्हणाले. "तू काढलास ना?"

मी लावलं. काटा विसाच्या पुढे गेला. तीस. चाळीस. पन्नासाला मामंजींनी हात वर केला आणि मी बंद केलं. मग आम्ही दोघं टाकीशी कान लावून बसलो. कुठंही आवाज नव्हता. काटा होता तिथंच उभा राहिला.

मामंजींनी कोपऱ्यात पालथी घातलेली एक जुनी ट्रंक सरळ केली, तिची वाकडी पट्टी घासून काढली आणि नाकाला फडकं बांधलं. बंदूक हातात घेतली. हात कापत होता, पूर्वीपेक्षा जास्तच. त्यांनी चाप ओढला आणि पत्र्यावर हिरवा रंग असा सारखा, असा शांत बसत गेला की मला रडू आलं. आनंदाचं होतं, अभिमानाचं होतं, आणि सुटका झाल्याचंही होतं. मी तोंड लपवलं नाही. त्यांनी पाहिलं आणि काम चालू ठेवलं.

आठवड्याभरानं दुकानदार राहिलेल्या ट्रंका न्यायला आला. पडवीत सुकत ठेवलेल्या अकरा ट्रंका त्यानं मोजल्या, एकीवर बोट फिरवलं, मशीनभोवती चक्कर मारली. मी आत चुलीपाशी होते, पण कान बाहेरच होते.

"मला तर सांगितलेलं की मशीन गेलं म्हणून," तो म्हणाला. "तारापूरच्या साइटवरचा मिस्त्री आणलात वाटतं? मोठा कारागीर असेल."

मामंजींनी बंदूक खाली ठेवली, तोंडावरचं फडकं सोडलं. ज्या माणसानं इतक्या वर्षांत माझ्या कालवणालासुद्धा बरं म्हटलं नव्हतं, तो आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माजी सून हाय ती. बिगडवला पन तिनंच, सगल्यांसमोर कबूल केला पन तिनंच, नि नीट केला पन तिनंच. आसा कारागीर तुमच्या साइटवर एक तरी हाय का?"

मी चुलीतला जाळ मागे ओढला आणि तिथंच बसून राहिले. हे वाक्य मी त्यानंतर माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं, माझ्या मुलांना सांगितलं, नातवंडांनाही सांगितलं. दर वेळी फक्त शेवटचा तुकडा सांगायची, नीट केला तो. आज पहिल्यांदाच ते सगळंच्या सगळं लिहिते आहे, कारण मामंजींना अभिमान वाटला होता तो मधल्या तुकड्याचा.